एका तासाचा विक्रम

वाऱ्याविरुद्ध सायकल हाकण्याचा अनुभव ज्याला नाही, असा मुलगा आपल्याकडे क्वचितच सापडेल. शाळेला जाताना वारा पाठीशी असला म्हणजे चाके आपोआप फिरत आहेत असे वाटते. संध्याकाळी तोच वारा समोरून आला की अर्ध्या वाटेवर मांड्या भरून येतात. परंतु झाडाचे पानही हलत नसते, तेव्हादेखील सायकलस्वाराच्या तोंडावर वारा लागतोच. तो त्याच्या स्वतःच्याच वेगाने निर्माण केलेला असतो, आणि जितके जोराने जावे तितका तो अधिक आडवा येतो.

या अडथळ्याचा नियम मोठा विलक्षण आहे. वेग दुप्पट केला तर हवेचा अडथळा दुप्पट न होता चौपट होतो. आणि तो चौपट अडथळा दुप्पट वेगाने कापावयाचा असल्यामुळे लागणारी शक्ती आठपट होते. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणाऱ्याला ५५ चा वेग गाठावयाचा असेल, तर वेगातील वाढ अवघी एकदशांश. पण शक्ती मात्र जवळजवळ एकतृतीयांशाने अधिक लागते. म्हणूनच शर्यतीतील सायकलस्वार एकमेकांच्या पाठीमागे दडून चालतात. मुंबई-पुणे शर्यतीत सपाट रस्त्यावर स्पर्धकांचा थवा एकत्र राहतो, याचे कारण हेच. बोरघाटाची चढण लागली की वेग मंदावतो, हवेचे फारसे काही चालत नाही, स्वतःचे वजन वर नेण्याचेच काम मोठे होते. तेथे पुढच्याचा आडोसा उपयोगी पडत नाही आणि थवा विस्कटतो.

एक शर्यत मात्र अशी आहे की, जीत आडोसा नाही, सोबती नाही आणि समोर प्रतिस्पर्धीही नाही. तिला तासाचा विक्रम म्हणतात. बाजूंनी कललेल्या लंबवर्तुळाकार धावपट्टीवर स्वाराने एकट्याने उभ्या जागेवरून निघावयाचे आणि बरोबर एका तासात जेवढे अंतर कापवेल तेवढे कापावयाचे, एवढाच तिचा नियम. १८९३ साली पॅरिस येथे आन्री देग्रांज या फ्रेंच गृहस्थाने ३५ किलोमीटर ३२५ मीटर अंतर कापून या विक्रमाचा पाया घातला. ‘तूर द फ्रान्स’ ही जगप्रसिद्ध शर्यत १९०३ साली सुरू करणारा संपादक तो हाच.

या विक्रमाच्या इतिहासात बेल्जियमच्या एडी मर्क्सचे नाव अग्रभागी येते. १९७२ साली त्याचे वय २७ वर्षांचे होते. त्या एका वर्षात त्याने इटलीची मोठी शर्यत जिंकली, तूर द फ्रान्स चौथ्यांदा जिंकली, आणि शिवाय एक दिवसाच्या अनेक शर्यती मारल्या. एवढे यश पदरात असता त्याने तासाच्या विक्रमास हात घातला, यात धोका होता. १९६९ साली फ्रान्समध्ये धावपट्टीवरच त्याला भयंकर अपघात झाला होता. त्याच्या पुढे मोटारसायकल चालविणारा वाटाड्या त्या अपघातात मृत्यू पावला, आणि मर्क्सच्या कटीला झालेली इजा पुढे त्याला सदैव जाचत राहिली. रस्त्यावरच्या शर्यतीत माणूस उठतो, बसतो, उतारावर पाय थांबवतो. तासाच्या विक्रमात तशी सोय नाही. या सायकलीला ब्रेक नसतो. चाक फिरे तोवर पायही फिरलेच पाहिजेत. दुखऱ्या पाठीने एकाच बैठकीत, वाकून, तासभर बसावयाचे होते.

जागा म्हणून त्याने मेक्सिको शहर निवडले. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर आहे. तेथील हवा विरळ, म्हणून तिचा अडथळा कमी. पण विरळ हवेत श्वासागणिक प्राणवायूही कमी मिळतो. एका हाताने मिळालेले दुसऱ्या हाताने द्यावे, तसा हा व्यवहार. या व्यवहारात तोटा होऊ नये म्हणून मर्क्सने घरीच, जागच्या जागी फिरणाऱ्या रुळांवर सायकल ठेवून, तोंडाला मुखवटा लावून कमी प्राणवायूची हवा श्वासात घेत सराव केला. वैद्य शेजारी उभे राहून त्याची नाडी व श्वास तपासत असत.

असल्या सरावाने शरीरात काय घडते? सायकलस्वाराचे इंजिन म्हणजे त्याचे हृदय, फुप्फुसे आणि मांड्यांचे स्नायू. दीर्घकाळ, बेताच्या वेगाने केलेल्या सवारीमुळे हृदय एका ठोक्यात अधिक रक्त लोटू लागते. तुम्ही सकाळी अंथरुणात असतानाच आपली नाडी मोजून पाहा. ती मिनिटास ७० ते ८० च्या आसपास भरेल. कसलेल्या सायकलस्वाराची नाडी विश्रांतीत ४० ते ५० पर्यंत उतरलेली आढळते. कारण तेवढ्याच ठोक्यांत त्याचे काम भागते. स्नायूंतही फरक पडतो. रक्त पोचविणाऱ्या केशवाहिन्यांचे जाळे दाट होते, आणि पेशींतील ज्या सूक्ष्म तंतुकणिकांत प्राणवायूच्या साह्याने इंधन जळते, त्यांची संख्या वाढते. ही वाढ आठ-पंधरा दिवसांची नव्हे. तिला महिने लागतात, वर्षे लागतात. सराव सुटला की मात्र ती झपाट्याने ओसरू लागते.

स्नायूंची मागणी एका मर्यादेपलीकडे गेली म्हणजे प्राणवायूचा पुरवठा अपुरा पडू लागतो आणि रक्तात लॅक्टेट नावाचे द्रव्य साठू लागते. पूर्वी थकव्याचा सारा दोष या द्रव्याच्या माथी मारीत असत. वास्तविक शरीर त्याचाही इंधनासारखा उपयोग करते, असे आता सिद्ध झाले आहे. तथापि ते साठू लागले की स्वार मर्यादेबाहेर चालला आहे, अशी खूण पटते. तासाच्या विक्रमातील सगळी कसोटी या मर्यादेच्या काठावर साठ मिनिटे टिकून राहण्यात आहे. काठाच्या अलीकडे राहिले तर विक्रम हुकतो. पलीकडे पाऊल पडले तर चाळिसाव्या मिनिटाला पाय जड होतात.

ही मर्यादाच वर सरकविणे, हे सरावाचे मुख्य काम. त्यासाठी काही मिनिटे कसून सवारी, मग थोडी विसावा देणारी सवारी, पुन्हा कसून सवारी, असे आवर्तन करतात. परंतु असे कष्टाचे दिवस आठवड्यात दोन-तीनच ठेवतात. उरलेले दिवस सावकाश सवारीचे. पुष्कळ उत्साही मुले येथेच फसतात. रोज जीव तोडून पळविली म्हणजे सायकल आपोआप वेगवान होईल, असे त्यांना वाटते. श्रमाने झिजलेले स्नायू झोपेत आणि विश्रांतीत भरून निघतात, व भरताना पूर्वीपेक्षा थोडे अधिक बळकट होतात. ती सवड दिली नाही, तर झीज तेवढी उरते. म्हणून मोठ्या स्पर्धेपूर्वीचे एक-दोन आठवडे जाणते शिक्षक सराव मुद्दाम कमी करवितात. शेतकरी आपल्या बैलांना शर्यतीच्या आदल्या दिवशी नांगराला जुंपीत नाही!

२५ ऑक्टोबर १९७२ रोजी सकाळी मर्क्स धावपट्टीवर उतरला. एर्नेस्तो कोलनागो या इटालियन कारागिराने घडविलेल्या त्याच्या सायकलीचे वजन पावणेसहा किलोच्या आसपास होते. साखळीलादेखील छिद्रे पाडून तिचा भार हलका केला होता. डेन्मार्कच्या ओले रिटरने १९६८ साली याच शहरात केलेला ४८ किलोमीटर ६५३ मीटरचा विक्रम त्याला मोडावयाचा होता. मर्क्स सुटला तो बाणासारखा. पहिले १० किलोमीटर त्याने १२ मिनिटांच्या आतच कापले. हा वेग तासभर टिकणारा नव्हता, आणि उत्तरार्धात त्याची किंमत त्याला मोजावी लागली. वेग घटत चालला, पाठ ठणकू लागली. पण मिनिटास शंभराहून अधिक फेरे घेणारे त्याचे पाय थांबले नाहीत. तास भरला तेव्हा ४९ किलोमीटर ४३१ मीटर अंतर झाले होते. मर्क्सने हा प्रयोग पुन्हा आयुष्यात केला नाही.

पुढे यंत्रे बदलली. १९९३ साली स्कॉटलंडच्या ग्रॅम ओब्रीने स्वतःच्या हातांनी एक विचित्र सायकल बनविली. तिच्यात त्याने कपडे धुण्याच्या यंत्रातील एक भाग बसविला होता. हात छातीखाली मुडपून, जवळजवळ दुमडून तो तिच्यावर बसे, म्हणजे हवेला शरीराचा अगदी थोडा भाग लागे. नॉर्वेत त्याचा पहिला प्रयत्न फसला. दुसरा कोणी असता तर आठवडाभर विश्रांती घेता. ओब्री दुसऱ्याच दिवशी सकाळी पुन्हा उतरला आणि ५१ किलोमीटर ५९६ मीटरचा विक्रम करून मोकळा झाला. तो विक्रम सहाच दिवस टिकला. इंग्लंडच्या ख्रिस बोर्डमनने तो मोडला. बोर्डमनचा सराव एका क्रीडाशास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली, मोजमाप करून चाललेला असे. दोघांच्या पद्धती दोन टोकांच्या. मला स्वतःला ओब्रीची कथा अधिक आवडते, परंतु पुढील स्पर्धकांनी वाट धरली ती बोर्डमनची.

माणूस जिंकतो की यंत्र, असा प्रश्न आता उभा राहिला. सायकलस्वारांच्या जागतिक संघटनेने असले आसन बंद केले, आणि तासाच्या विक्रमासाठी मर्क्सच्या काळातल्यासारखीच साधी सायकल वापरावी, असा नियम केला. २००० साली मँचेस्टर येथे बोर्डमन तशा सायकलीवर बसला. याच बोर्डमनने १९९६ मध्ये नव्या यंत्रावर ५६ किलोमीटरहून अधिक अंतर कापले होते. साध्या सायकलीवर तो किती गेला असेल? ४९ किलोमीटर ४४१ मीटर. अठ्ठावीस वर्षांनंतर मर्क्सच्या पुढे केवळ १० मीटर!

२०१४ मध्ये तो नियम सैल झाला. इटलीच्या फिलिप्पो गान्नाने २०२२ साली स्वित्झर्लंडमध्ये ५६ किलोमीटर ७९२ मीटर अंतर कापले. त्याच्याच देशाच्या व्हित्तोरिया बुस्सीने २०२३ मध्ये मेक्सिकोतील आग्वासकालियेन्तेस येथे ५० किलोमीटर २६७ मीटरचा विक्रम केला. तासाभरात पन्नास किलोमीटर ओलांडणारी ती पहिली स्त्री. तिने ऑक्सफर्ड येथे गणितात डॉक्टर ही पदवी मिळविलेली आहे.

स्वाध्याय

१. वेग दुप्पट केला असता शक्ती आठपट का लागते, ते आपल्या शब्दांत सांगा.
२. मेक्सिको शहर निवडण्यात लाभ कोणता व तोटा कोणता?
३. सात दिवस रोज उठताच आपली नाडी मोजून वहीत नोंदवा.
४. साध्या सायकलीचा नियम करणे योग्य होते काय? वर्गात दोन पक्ष करून चर्चा करा.