बंदीची व्याख्या आणि व्यक्तीचे स्वातंत्र्य : ब्रिटनमधील 'पॉपर्स' प्रकरणाचा विचार

१

मराठीत व्यक्तिस्वातंत्र्याची चर्चा निघाली की जॉन स्टुअर्ट मिल याचे नाव ओघानेच येते. गोपाळ गणेश आगरकरांच्या विचारावर मिल आणि स्पेन्सर यांचा ठसा होता, हे सर्वश्रुत आहे. हिंदीत महावीरप्रसाद द्विवेदी यांनी मिलच्या 'ऑन लिबर्टी' (१८५९) या ग्रंथाचे भाषांतर 'स्वाधीनता' या नावाने केले. आगरकरांच्या पिढीपुढे बालविवाह, केशवपन, ग्रंथप्रामाण्य हे प्रश्न उभे होते. त्यामुळे विचारस्वातंत्र्य आणि रूढीची सत्ता या दोन बाजूंवर भर पडावा, हे स्वाभाविकच होते. परंतु त्याच ग्रंथाच्या अखेरच्या प्रकरणात मिलने एका अगदी व्यावहारिक प्रश्नाचाही विचार केला आहे. विष, मद्य, अफू यांसारख्या पदार्थांच्या विक्रीवर राज्यसंस्थेने कोठवर नियंत्रण ठेवावे, हा तो प्रश्न होय.

मिलचे उत्तर थोडक्यात असे : घातक पदार्थाच्या वेष्टनावर त्याचे घातकत्व स्पष्ट लिहिण्याची सक्ती करावी, गुन्ह्याचा संभव असेल तेथे खरेदीदाराची नोंद ठेवावी, परंतु सज्ञान माणसाला तो पदार्थ मिळूच नये अशी व्यवस्था करू नये. चीनमधील अफूच्या आयातबंदीला त्याने घेतलेला आक्षेपही विक्रेत्याच्या नव्हे, तर ग्राहकाच्या स्वातंत्र्याच्या नावाने घेतलेला आहे. अर्थात हे वाचताना मिल १८५८ पर्यंत ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत होता, आणि माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनकडे जात असता तिच्यावर कर घेणारी कंपनी तीच होती, याचे विस्मरण होऊन चालणार नाही. स्वातंत्र्याचा युक्तिवाद कोणाच्या सोयीचा आहे आणि बंदीचा भार कोणावर पडतो, हे दोन्ही प्रश्न म्हणूनच एकत्र विचारावे लागतात. ब्रिटनमध्ये २०१६ साली झालेला एक वाद या दृष्टीने उद्बोधक आहे.

२

वादाचा विषय असलेला पदार्थ नवा नव्हता. अमाइल नायट्राइट हे द्रव्य फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बालार याने १८४४ साली तयार केले, आणि टॉमस लॉडर ब्रंटन या स्कॉटिश वैद्याने १८६७ साली हृदयशूळावर त्याचा उपयोग दाखवून दिला. त्याची वाफ हुंगली असता रक्तवाहिन्या प्रसरण पावतात, रक्तदाब उतरतो, डोके काही क्षण हलके होते. हे औषध काचेच्या लहान कुपीत मिळे; कुपी फोडताना होणाऱ्या आवाजावरून त्याला 'पॉपर्स' हे नाव पडले. शरीरातील अनैच्छिक स्नायू त्यामुळे शिथिल होतात आणि समागम कमी वेदनादायक होतो. या गुणामुळे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य देशांतील समलिंगी पुरुषांमध्ये ते व त्याच्या वर्गातील इतर नायट्राइटे रूढ झाली.

या पदार्थाची कथा त्या समाजाच्या कथेपासून वेगळी काढता येत नाही. इंग्लंड व वेल्समध्ये एकवीस वर्षांवरील दोन पुरुषांचा खाजगी व संमतीचा संबंध १९६७ पर्यंत गुन्हा होता. जून १९८१ मध्ये अमेरिकेत एड्सची पहिली वैद्यकीय नोंद प्रसिद्ध झाली. तीत वर्णिलेले पाचही रुग्ण हुंगण्याचे पदार्थ वापरीत असल्याचे नमूद होते. त्यामुळे हेच द्रव्य रोगाचे मूळ असावे, असा तर्क काही काळ केला गेला. १९८३ मध्ये विषाणू सापडला आणि तो तर्क मागे पडला. संशय मात्र तितक्या लवकर मागे पडला नाही. लंडनमधील 'रॉयल व्हॉक्सहॉल टॅव्हर्न' या समलिंगी पुरुषांच्या मद्यगृहावर १९८७ साली धाड घालताना पोलिसांनी हातांत रबरी मोजे चढविले होते. ज्यांच्या स्पर्शाचीही शासनसंस्थेला भीती वाटत होती, त्यांच्या खाजगी सुखाविषयी तीच संस्था पुढे जे कायदे करील, त्यांकडे हे लोक साशंक दृष्टीने पाहणार, हे उघड आहे.

३

ब्रिटिश संसदेने २०१६ च्या जानेवारीत मनःप्रभावी पदार्थांविषयीचा कायदा संमत केला. बाजारात नित्य नव्या रूपाने येणाऱ्या कृत्रिम मादक द्रव्यांना आळा घालणे, हा त्याचा हेतू होता. एकेका द्रव्याची यादी करून बंदी घालण्याची जुनी पद्धत येथे उलटविली होती : मज्जासंस्थेला उत्तेजित वा मंद करून मनाच्या व्यापारावर परिणाम करणारा कोणताही पदार्थ विक्रीस निषिद्ध, आणि मद्य, तंबाखू, कॅफीन, औषधे इत्यादी मोजक्या वस्तू तेवढ्या अपवाद. केवळ स्वतःजवळ बाळगणे हा तुरुंगासारख्या ठिकाणांखेरीज गुन्हा नव्हता. विक्री, निर्मिती व आयात यांना मात्र सात वर्षांपर्यंत शिक्षा होती.

या अपवादांची निवड बोलकी आहे. बहुसंख्यांची मादक पेये कायद्याने नावानिशी वगळली; अल्पसंख्यांच्या सवयीचा पदार्थ मात्र 'कोणताही' या शब्दात सामावून गेला. कायद्यात समलिंगी पुरुषांचा उल्लेख कोठेही नाही, आणि त्यांना त्रास द्यावा असा हेतूही दिसत नाही. तरीही परिणाम त्यांच्यावरच अधिक होणार होता. संसदेच्या गृहविषयक समितीने २०१५ मध्येच पॉपर्सवर बंदी घालू नये अशी शिफारस केली होती. २० जानेवारी २०१६ रोजी क्रिस्पिन ब्लंट या सत्तारूढ पक्षाच्याच सभासदाने लोकसभागृहात उभे राहून आपण स्वतः हे द्रव्य वापरतो असे सांगितले. बंदीमुळे असंख्य समलिंगी पुरुष चकित होतील, कायद्याची प्रतिष्ठा ढासळेल आणि हा व्यापार गुन्हेगारांच्या हाती जाईल, असे त्याचे प्रतिपादन होते. सूट देणारी दुरुस्ती तरीही फेटाळली गेली. या भाषणाचे महत्त्व असे की, 'ते लोक' म्हणून ज्यांच्याविषयी चर्चा चालली होती, त्यांपैकी एक जण त्या चर्चेत प्रथमपुरुषी बोलला.

४

सुटका झाली ती मात्र निराळ्याच वाटेने. मार्च २०१६ मध्ये शासनाच्या तज्ज्ञ सल्लागार मंडळाने असे मत दिले की, या द्रव्याचा परिणाम रक्तवाहिन्यांवर होतो. मेंदूवर तो प्रत्यक्ष होत नाही. सबब ते कायद्याच्या व्याख्येत बसत नाही. शासनाने हे मत मान्य केले, आणि मे महिन्यात कायदा अमलात आला तेव्हा पॉपर्स त्याच्या कक्षेबाहेर राहिले. एका समाजाच्या खाजगी जीवनाचा प्रश्न अशा रीतीने शरीरशास्त्रातील प्रत्यक्ष–अप्रत्यक्ष या भेदावर सोपविला गेला. स्वातंत्र्याचे तत्त्व येथे मान्य झाले असे म्हणता येत नाही. व्याख्येत फट सापडली, एवढेच. ती फटही टिकाऊ नव्हती. नायट्रस ऑक्साइडच्या एका खटल्यात अपील न्यायालयाने २०१८ साली अप्रत्यक्ष परिणामही व्याख्येत येऊ शकतो असे ठरविले, आणि पूर्वीच्या मताचा आधार डळमळीत झाला.

अतिव्यापक व्याख्येचा हा दोष भारतीय वाचकास अपरिचित नाही. मुंबई राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यात मद्यार्क असलेले सर्वच द्रव पदार्थ 'मद्य' ठरत होते. बलसारा खटल्यात (१९५१) सर्वोच्च न्यायालयाने कायदा बव्हंशी उचलून धरला. पण औषधी व प्रसाधनाच्या मद्यार्कयुक्त द्रव्यांपुरती बंदी अवैध ठरविली. दोन्ही प्रकरणांत एक मोठा भेद आहे. औषध आणि अत्तर यांची बाजू मांडणे कोणासही संकोचाचे नव्हते. शय्यागृहातील सुखाची बाजू मांडावयाची तर आधी स्वतःचे खाजगी जीवन उघड करावे लागते. भारतात ३७७ व्या कलमाखाली सज्ञानांचा संमतीचा संबंधही सप्टेंबर २०१८ पर्यंत गुन्हा होता. तेथे असे बोलणे म्हणजे गुन्ह्याची कबुलीच ठरली असती.

५

हे द्रव्य निरुपद्रवी आहे, असा याचा अर्थ नव्हे. ते प्यायल्यास रक्तातील प्राणवायू वाहण्याची शक्ती खालावून मृत्यू ओढवू शकतो. सिल्डेनाफिलसारख्या गोळ्यांबरोबर घेतल्यास रक्तदाब धोकादायक रीतीने उतरतो. बंदीचा स्वतःचाही एक उपद्रव आहे. आयसोब्यूटाइल नायट्राइट कर्करोगकारक ठरवून युरोपात त्याच्या विक्रीवर निर्बंध आले, तेव्हा उत्पादकांनी त्याच्या जागी आयसोप्रोपाइल नायट्राइट आणले. आणि त्यानंतर दृष्टिपटलाच्या मध्यभागी इजा झालेल्या रुग्णांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत येऊ लागल्या. शिवाय अर्धवट मान्यतेमुळे हा माल खोलीतील सुवासिक द्रव्य किंवा चामडे पुसण्याचे द्रव्य अशा खोट्या नावांनी विकला जातो. जे द्रव्य हुंगण्यासाठी नाहीच असे चिठ्ठी सांगते, ते हुंगताना कोणती काळजी घ्यावी हे तीच चिठ्ठी सांगू शकत नाही. मिलने मागितलेली किमान गोष्ट, म्हणजे वेष्टनावरील खरा मजकूर, येथे अशक्य होऊन बसते.

ऑस्ट्रेलियाचा अनुभव याला पूरक आहे. तेथील औषध-नियंत्रकांनी २०१८ मध्ये ही सर्व नायट्राइटे हेरॉइनच्याच वर्गात घालण्याचा विचार मांडला. समलिंगी समाजातील संस्थांनी व वैद्यकांनी हरकती घेतल्या. त्यांची सुनावणी झाली. २०२० पासून अमाइल नायट्राइट औषध-विक्रेत्याच्या सल्ल्याने, डॉक्टरच्या चिठ्ठीविना मिळण्यास मोकळे करण्यात आले, आणि डोळ्यास घातक ठरलेले आयसोप्रोपाइल मात्र निषिद्ध झाले. हा निर्णय आदर्श आहे असे नाही. मान्यताप्राप्त उत्पादनाची वाण, दुकानदारासमोर मागणी करण्याचा संकोच, या अडचणी त्यात आहेतच. तथापि कोणते द्रव्य, कोणती इजा आणि कोणाची गरज, असे तीन प्रश्न तेथे पृथक्पणे विचारले गेले. ब्रिटनमध्ये ते तिन्ही एका व्याख्येखाली झाकले गेले होते.

आगरकरांनी मिलचा आधार घेतला तो ज्यांना समाजात स्वतःचा आवाज नव्हता अशा विधवांसाठी आणि बालिकांसाठी. ग्रंथाच्या त्या वाचनाला अखेरच्या प्रकरणाची जोड दिली, तर मादक पदार्थांच्या प्रत्येक बंदीपुढे एक साधा प्रश्न उभा करता येतो : अपवादांची यादी करताना कोण उपस्थित होते? २०१६ च्या यादीत मद्य, तंबाखू आणि कॅफीन यांची नावे आहेत. पॉपर्सचे नाव त्या मूळ यादीत नव्हते, आणि त्यांचा प्रश्न एका शब्दाच्या अर्थावर लोंबकळत राहिला.