ओनागादोरी : न झडणाऱ्या शेपटीचा कोंबडा

पक्ष्यांच्या पाठाच्या वेळी अंगणात पडलेले कोंबड्याचे पीस वर्गात आणून दाखविण्याची पद्धत पुष्कळ शिक्षकांची आहे. ते पीस का गळले, हा प्रश्न मात्र बहुधा तसाच राहतो. त्याचे उत्तर देण्यास ओनागादोरी या जपानी कोंबड्याचे उदाहरण चांगले उपयोगी पडते.

आपल्याकडील कोंबड्यांची पिसे साधारणतः वर्षातून एकदा झडतात व त्या जागी नवी येतात. त्यामुळे शेपटी एका मर्यादेबाहेर वाढत नाही. ओनागादोरी नराच्या शेपटीतील काही पिसे झडतच नाहीत. ती वर्षाला सुमारे पाऊण मीटर वाढत राहतात. १९७२ साली नोंदलेल्या एका पिसाची लांबी १०.६ मीटर होती. कोंबडीला असा पिसारा येत नाही. शिकोकू बेटावरील तोसा प्रांतात, म्हणजे आजच्या कोचीत, पाळणाऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या लांब शेपटीचे नर निवडून ही जात सिद्ध केली. सरदारांच्या मिरवणुकीतील भाल्यांना तिची पिसे लावीत, असे सांगतात. १९५२ साली जपान सरकारने तिला विशेष नैसर्गिक स्मारकाचा दर्जा दिला. युरोपातील फिनिक्स ही जात अशाच लांब शेपटीच्या जपानी कोंबड्यांपासून निघाली. पण संकर झाल्याने तिची पिसे झडतात व शेपटी बरीच आखूड राहते.

या शोभेची किंमत कोंबडाच देतो. शेपटी मळू वा तुटू नये म्हणून त्याला उंच, अरुंद लाकडी पेटीत दांडीवर बसवून ठेवतात. दाणापाणी जागेवरच मिळते. फिरावयास काढले म्हणजे शेपटी हातात धरून माणसाने मागून चालावयाचे! एवढे कष्ट घेणारे आता थोडे उरले आहेत आणि ही निगा थांबली, तर अशी शेपटी टिकणार नाही.

गणिताच्या तासाला, शेपटी सहा मीटर होण्यास किती वर्षे लागतील, हे मुलांकडून काढून घ्यावे. उत्तर आठ येईल. पिसे हाताळल्यावर हात धुण्यास सांगावे. एखादे मूल विचारील, "गुरुजी, त्याला पेटीत बसायला आवडतं का?" त्या वेळी शिक्षकाने घाईने उत्तर देऊ नये. परसातला कोंबडा दिवसभर काय काय करतो, ते दुसऱ्या दिवशी पाहून येण्यास सांगावे आणि फळ्यावर त्याची यादी करावी : उकरणे, धुळीत लोळणे, कुंपणावर उडून बसणे. यांपैकी पेटीत काय करता येईल, हे मुलेच सांगतील.