शिकवणे आणि घडवणे



मी सध्या बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आंतरवासितेसाठी मला एका शाळेत सहावीचा वर्ग मिळाला. पहिला पाठ होता अपूर्णांकांचा. टाचण व्यवस्थित होते, रंगीत तक्ते होते, निरीक्षक मागच्या बाकावर बसले होते. मी विचारले, "एक छेद दोन मोठा की एक छेद चार?" शेवटच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "एक छेद चार. दोनापेक्षा चार मोठे." वर्ग हसला. माझ्याही तोंडून निघून गेले, "इतकेही कळत नाही?" तो खाली बसला. पाठ वेळेत संपला आणि मला चांगले गुणही मिळाले.

त्यानंतर आठवडाभर त्या मुलाने हात वर केला नाही.

पुढच्या रविवारी मिस्सा आटोपून मी बाजारात गेले, तर तो आईच्या शेजारी बसून भाजी विकत होता. एका बाईने पाऊण किलो वांगी मागितली. त्याने अर्धा किलोचे आणि पाव किलोचे वजन तराजूत टाकले, तोंडी हिशेब केला आणि सुटे पैसे परत दिले. मी बघतच राहिले. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे सारे अपूर्णांकच ना? आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी पाठ केली होती. ते ज्ञान या मुलाच्या हातात होते. फळ्यावरची खूण तेवढी त्याला अनोळखी होती. त्याला काय येत नाही हे मी वर्गासमोर दाखवले, पण काय येते हे विचारलेच नाही.

सोमवारी मी वर्गात वजने घेऊन गेले आणि त्यालाच पुढे बोलावले. पाव किलोची चार वजने मिळून एक किलो होतो, हे त्याने सर्वांना करून दाखवले. मग मी फळ्यावर एक छेद चार लिहिले. "म्हणजे हा पाव!" तो मोठ्याने म्हणाला. "मग अर्धाच मोठा!" या वेळी कोणी हसले नाही. मी त्याची वर्गासमोर क्षमा मागितली. माझ्या वर्षभराच्या शिक्षणातला तो सर्वांत मोठा धडा होता.

ख्रिस्तसभेने शिक्षकांना एक आश्रयदाता संत दिला आहे: संत जॉन बाप्टिस्ट दे ला साल. त्यांचा जन्म १६५१ साली फ्रान्समधील रॅन्स या शहरी एका सधन घरात झाला. ते तेथील महामंदिरात मानाच्या धर्मपदावर होते. गरीब मुलांच्या शाळांत शिकवणारे तरुण शिक्षक उद्याच्या भाकरीची चिंता करीत, तेव्हा ते त्यांना देवावर भरवसा ठेवायला सांगत. पण स्वतः सुखात असताना असा उपदेश शोभत नाही, हे त्यांना कळून चुकले. त्यांनी ते पद सोडले आणि १६८३-८४ च्या दुष्काळात आपली संपत्ती भुकेल्यांना वाटून टाकली. त्या काळी मुलांना वाचन आधी लॅटिनमधून शिकवीत. त्यांनी ते मुलांच्या फ्रेंच भाषेतून सुरू केले. प्रत्येक मुलाचा स्वभाव ओळखून त्याची नोंद ठेवावी, असा त्यांच्या शाळांचा परिपाठ होता. १९५० साली पोप बारावे पायस यांनी त्यांना सर्व शिक्षकांचे आश्रयदाते घोषित केले.

प्रभू येशूची शिकवण्याची रीतही अशीच होती. सरोवराकाठच्या कोळ्यांना त्याने जाळ्याचा दाखला दिला, शेतकऱ्यांना पेरणीचा, तर घरातल्या स्त्रियांना पिठातील खमिराचा. जे ऐकणाऱ्याच्या हातात होते, तेथूनच त्याने सुरुवात केली.

मुलांना शारीरिक शिक्षा करणे आणि मानसिक त्रास देणे यांस २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मनाई केली आहे. मी छडी उचलली नव्हती, पण माझ्या एका वाक्याने छडीचे काम केले. अभ्यासक्रम पूर्ण करणे हे माझे कर्तव्य आहेच, पण मूल प्रश्न विचारायला घाबरू लागले तर तो पूर्ण होऊनही उपयोग काय?

ही जबाबदारी एकट्या शिक्षकांची नाही. आईवडील हेच मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक आहेत, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ च्या शिक्षणविषयक जाहीरनाम्यात स्पष्ट केले आहे. म्हणून या आठवड्यात घरोघरी विचार करण्यासाठी तीन प्रश्न:

१. मूल शाळेतून आल्यावर "किती गुण मिळाले?" याआधी "आज काय विचारलेस?" असे आपण विचारतो का?

२. घरच्या कामातून, शेतातून, बाजारातून मूल जे शिकते, त्याची आपण कदर करतो का?

३. मुलाशी चुकीचे वागलो, तर त्याची क्षमा मागण्याचे धैर्य आपल्यात आहे का?

लवकरच मी शिक्षिका म्हणून वर्गात उभी राहीन. शेवटच्या बाकावरचा हात वर आलेला मला दिसावा, आणि तो खाली राहिला तर का राहिला हे विचारण्याची बुद्धी मला मिळावी, यासाठी माझ्याकरिता व सर्व शिक्षकांकरिता प्रार्थना करा.