आजचं चिंतन : अभ्यास आणि वैराग्य

आजचा श्लोक : गीता ६.३५. चंचल मन अभ्यास आणि वैराग्यानं आवरता येतं, असं भगवंत अर्जुनाला सांगतात.

माझ्याकडे सॅन स्टॉर्म आहे. १९९८ मध्ये आलेली दोन सीटची स्पोर्ट्स कार. फायबरची बॉडी गंजत नाही. पण गाडी नुसती उभी राहिली तरी ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, टायरचं रबर कडक होतं. म्हणून किलोमीटर न बघता दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलायचं. हा अभ्यास.

पार्ट मिळत नाही, तेव्हा भोसरीत लेथवर बुश करून घ्यायचा. तोही एक दिवस झिजणारच, हे मान्य करून. हे वैराग्य.

मनही नुसतं पडून राहिलं की बिघडतं. मंडळी, आज वेळ नसला तरी पाच मिनिटं बसूया.