कायाक, गळ आणि कॅमेरा

बेळगाव

चि. भाच्यास,


निपाणीहून आलेल्या निरोपात प्रश्न एका ओळीचा होता: गोप्रो घ्यावा की डीजेआय? मामाचं उत्तर लांबलं आहे. कारण कायाकवरून मासे पकडताना कॅमेऱ्याची कंपनी ही शेवटी ठरवायची गोष्ट. आधी ठरवायचं ते हे, की कॅमेरा बसणार कुठे आणि त्याला हात न लावता तो किती वेळ चालणार. कायाकवर बसलेल्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात. वल्हं खाली ठेवलं की हातात रॉड येतो, रॉड सावरला की जाळी. ज्या कॅमेऱ्यासाठी तिसरा हात लागतो, तो या कामाचा नव्हे.

अ‍ॅक्शन कॅमेऱ्याचा जन्मच या अडचणीतून झाला. निक वूडमन नावाच्या तरुणाला लाटांवर सर्फिंग करताना स्वतःचे फोटो हवे होते आणि हात तर फळीवर तोल सावरण्यात अडकलेले. म्हणून त्याने मनगटाला कॅमेरा बांधायचा पट्टा तयार केला. 2002 मध्ये त्याने कंपनी काढली, तीच गोप्रो. 2004 मध्ये बाजारात आलेला तिचा पहिला कॅमेरा 35 मिलिमीटरच्या फिल्मरोलवर चालणारा होता. म्हणजे आधी पट्टा सुचला, कॅमेरा त्याच्या मागून आला. खरेदीचा क्रमही तोच ठेवावा.

आता पाणी कुठलं ते पाहू. निपाणी भागात वेदगंगा आणि दूधगंगेवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा संपला की त्यांत बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घालतात आणि वरच्या बाजूला संथ, लांबलचक पाणी साठतं. जत्राट-भिवशीसारख्या बंधाऱ्याच्या वर हिवाळ्यात असं पाणी मिळतं. पण त्याच बंधाऱ्याच्या खाली, बरग्यांतून सुटणाऱ्या धारेजवळ, कायाक नेणं म्हणजे जिवाशी खेळ. तिथला भोवरा हलकी होडी आत ओढतो आणि सोडत नाही. घटप्रभेवरचा हिडकल जलाशय मोठा आणि उघडा आहे. तिथे दुपारी वारा उठला की लाटा आडव्या येतात, म्हणून सकाळ गाठावी. राकसकोप हा तर बेळगावला पिण्याचं पाणी देणारा जलाशय. तिथे परवानगीची चौकशी केल्याशिवाय पाण्यात पायही घालू नये. जून ते सप्टेंबर नदीचं नाव काढू नये. 2019 च्या ऑगस्टमध्ये वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर आलं होतं, हे निपाणीकरांना वेगळं सांगायला नको. शिवाय पुराच्या गढूळ पाण्यात कॅमेऱ्याला काही दिसतही नाही.

कॅमेरा बसवायच्या जागा चार. डोक्यावरचा पट्टा नजर जाईल तिकडे पाहतो, पण मान सतत हलते आणि बघणाऱ्याला गरगरतं. छातीवरचा पट्टा लाइफ जॅकेटवर नीट बसत नाही. बसला तरी चित्रात वल्ह्याचा दांडा आणि दोन कोपरंच जास्त. आसनामागे उभी काठी लावली तर कायाक, माणूस आणि पाणी सगळं एका चौकटीत येतं, मात्र गळ फेकताना रॉड मागे गेला की दोरा काठीला अडकतो. चौथी जागा नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाकडे, फूट-दीड फूट उंचीच्या दांड्यावर, तोंड बसणाऱ्याकडे. चेहरा, वाकलेला रॉड आणि होडीत येणारा मासा हे तिन्ही तिथूनच दिसतं. सुरुवात इथूनच करावी. उजव्या हाताने गळ फेकणाऱ्याने दांडा डाव्या बाजूला घ्यावा आणि तो आडवा पाडता येईल असा असावा, कारण मोठा मासा होडीभोवती फिरला की दोरा नाळेवरूनच जातो. सकाळी कायाकचं तोंड पूर्वेकडे ठेवलं, तर उजेड चेहऱ्यावर पडतो.

जागा ठरली की खरेदी सोपी होते. पाण्याखाली टिकण्याची चिंता फारशी उरलेली नाही: गोप्रोचे अलीकडचे हिरो मालिकेतले मुख्य कॅमेरे वेगळ्या पेटीशिवाय 10 मीटरपर्यंत चालतात, डीजेआयचा ऑस्मो अ‍ॅक्शन 5 प्रो 20 मीटरपर्यंत. कायाकवाल्याला एवढ्या खोलीचं काम नाही. त्याचा प्रश्न कॅमेरा बुडण्याचा आहे, कारण हे सगळे कॅमेरे दगडासारखे तळ गाठतात. म्हणून तरंगणारा फोम आणि कायाकच्या कडीला बांधलेली दोरी, दोन्ही हवं. ऑस्मो अ‍ॅक्शनची चुंबकीय पकड झटकन लागते आणि निघते. दोऱ्याचा हिसका बसला तर नको तेव्हाही निघू शकते, म्हणून तिथे दोरी आणखी गरजेची. पुढच्या बाजूला पडदा असलेला कॅमेरा घ्यावा, म्हणजे आपण चौकटीत आहोत की नाही हे बसल्या जागेवरून कळतं. आवाजी आज्ञा ओळखणारा असेल तर उत्तम. हे सगळं जुन्या मॉडेलमध्ये कमी पैशात मिळत असेल, तर नव्याचा हट्ट धरू नये. जुना घेताना बॅटरीच्या झाकणाचं रबर नीट पाहावं. त्यावर केस किंवा वाळूचा कण राहिला तरी पाणी आत शिरतं.

मासेमारीचं चित्रण म्हणजे मुख्यतः वाट पाहण्याचं चित्रण. सेटिंग ठरवताना हेच ध्यानात ठेवायचं. 4के चित्र सेकंदाला 60 मेगाबिट या दराने साठवलं, तर तासाला 27 जीबी लागतात आणि 128 जीबीच्या कार्डावर साडेचार तासांच्या आसपास मावतात. दर 100 मेगाबिट केला की तासाला 45 जीबी, आणि तेच कार्ड तीन तासांच्या आत भरतं. सेकंदाला 30 चित्रं या कामाला पुरतात. कार्डावर व्ही30 ही खूण हवी. सेकंदाला किमान 30 मेगाबाइट लिहिण्याची ती हमी आहे.

बॅटरी दीड-दोन तासांच्या पुढे गेली तर नशीब समजावं. पॉवर बँक जोडायची तर झाकण उघडं राहतं आणि जलरोधकपणा संपतो. त्यापेक्षा दोन जादा बॅटऱ्या कोरड्या पिशवीत न्याव्यात आणि काठाला लागून, हात पुसून बदलाव्यात. वाट पाहण्याच्या वेळेवर कॅमेऱ्यातच एक तोड आहे. गोप्रोत तिला हाइंडसाइट म्हणतात, डीजेआयमध्ये प्री-रेकॉर्डिंग: बटण दाबण्याआधीची काही सेकंदं कॅमेरा जपून ठेवतो. गोप्रोत ती 15 किंवा 30 सेकंदं असतात. गळ ओढला गेल्यावर बटण दाबलं, तरी तो पहिला झटका हातचा जात नाही. मात्र या सोयीत कॅमेरा जागाच राहतो, त्यामुळे बॅटरी खर्च होत राहते. कार्डावरची जागा तेवढी वाचते. सलग चित्रण करत असशील तर मासा हाती आल्यावर लेन्सवर क्षणभर तळहात धर. नंतर संकलनाला बसल्यावर ती काळी चौकट चटकन सापडते.

एप्रिल-मे महिन्यात कॅमेऱ्याचा खरा वैरी ऊन. थांबलेल्या कायाकवर वारा नसेल तर कॅमेरा तापून आपोआप बंद पडतो. तेव्हा रिझोल्यूशन उतरवावं, वायफाय आणि जीपीएस बंद ठेवावं, अधूनमधून ओलं फडकं टाकावं. लेन्सवर थेंब राहिला तर पूर्ण सकाळचं चित्रण धूसर होतं, म्हणून प्रत्येक वेळी वल्हं मारून झालं की काचेकडे एक नजर टाकायची. कारवार किंवा मालवणला खाऱ्या पाण्यात नेला, तर घरी आल्याबरोबर झाकण बंद ठेवूनच गोड्या पाण्यात बुडवून ठेवावा.

माशाबद्दलही दोन शब्द. 1946 मध्ये म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातल्या एका गृहस्थांनी कबिनी नदीत 120 पौंडांचा महसीर पकडला. त्या काळी पुरावा म्हणजे मेलेला मासा. दक्षिणेतल्या नद्यांतला तो मोठ्या वशिंडाचा महसीर आज नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे. त्याचं शास्त्रीय नावसुद्धा 2018 मध्ये निश्चित झालं. आता पुरावा कॅमेरा देतो, तेव्हा मासा बाहेर काढून मिरवायची गरज उरत नाही. हात ओले करून, मासा पाण्यातच धरून गळ काढावा आणि त्याला सोडून द्यावं. नाळेवरचा कॅमेरा हे सगळं टिपत असतोच. मरळ, चिलापी घरी न्यायची तर तो वेगळा विषय, पण आधी हक्क कुणाचा ते विचारावं. कर्नाटकात बऱ्याच तलाव-जलाशयांतली मासेमारी मत्स्यव्यवसाय खात्याच्या ठेक्यावर किंवा परवान्यावर चालते, आणि ज्यांची चूल त्यावर पेटते त्यांच्या जाळ्यांतून कायाक घालणं बरं नव्हे. काठावरच्या भोई मंडळींशी आधी बोललास, तर वारा कुठून उठतो आणि खडक कुठे आहे हेही कळेल. त्यांचं चित्रण त्यांना विचारूनच करायचं. धरणाच्या भिंतीजवळ फोटोला मनाई असल्याचा फलक दिसला, की कॅमेरा बंद.

आता हिशेब. ठरवलेल्या पैशांतून पहिलं लाइफ जॅकेट, मग दांडा, दोरी आणि फोम, मग कार्ड व बॅटऱ्या, आणि उरलेल्यात बसेल तो कॅमेरा, गोप्रो असो की डीजेआय. एकटा पाण्यात जाऊ नकोस. बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला कायाक उतरवणार नाही, एवढा शब्द आईला दे आणि मगच खरेदीला निघ.

तुझा,
मामा