भाताचा मुरघास आणि सोबतीची वैरण

दुधाच्या धंद्यातील आपले बांधव वैरण घेताना भाव पाहतात, वजन पाहतात. ती जनावराच्या पोटात किती पचते, हे मात्र क्वचितच पाहिले जाते. खरा नफा-तोटा तिथेच ठरतो. हे समजण्यासाठी आम्ही जपानमधील भाताच्या मुरघासाचे उदाहरण घेत आहोत.

जपानमध्ये तांदळाचा खप घटू लागला, तेव्हा १९७० नंतर सरकारने भाताचे क्षेत्र कमी करण्याचे धोरण स्वीकारले. ते २०१८ मध्ये संपले. मोकळ्या खाचरांत चाऱ्यासाठी भात लावण्यास मदत मिळू लागली. दाणा पिवळा पडू लागला की लोंबीसह सगळे पीक कापतात आणि त्याचे गठ्ठे प्लॅस्टिकमध्ये हवाबंद गुंडाळून मुरवतात.

दाणा का वाया जातो?

साळीच्या दाण्यावर कठीण तूस असते. तूस फुटले नाही तर पोटातील जंतू आतल्या पिठापर्यंत पोचत नाहीत आणि दाणा अख्खाच शेणातून पडतो. पीक जितके जास्त पिकलेले, तितके हे नुकसान मोठे. म्हणून जपानी संशोधकांनी आखूड लोंबीचे आणि ताटात साखर जास्त असलेले ‘ताचिसुझुका’सारखे वाण तयार केले.

सोबतीला काय द्यावे?

लांब काडीचे वाळलेले गवत कोठीपोटात जाळीसारखा थर धरते. दाणे त्यात अडकून जास्त वेळ राहतात, गाय रवंथही अधिक करते. लसूणघासाची काडी ठिसूळ असल्याने ती लवकर बारीक होऊन पुढे सरकते, थर कमी धरते. पण तिच्यातील प्रथिने जंतूंना बळ देतात. भाताच्या मुरघासात प्रथिने कमीच असतात. म्हणून दोन्हींचा मेळ घालणे श्रेयस्कर. खुराक मात्र बेताने द्यावा. तो फार झाला की पोटात आम्लता वाढते आणि काडी पचवणारे जंतू मंदावतात.

आपल्यासाठी धडा

आपल्याकडे दाणा माणसासाठी झोडून घेतला जातो, गाईला उरतो तो पेंढा. त्यात दाण्याचा प्रश्न नाही, पण प्रथिने फारच थोडी आणि वाळूच्या जातीचा सिलिका हा घटक भरपूर. नुसत्या पेंढ्यावर पोट भरते, दूध वाढत नाही. त्याच्या जोडीला लसूणघास, बरसीम किंवा सुबाभळीचा पाला थोडा-थोडा द्यावा. वैरण बदलताना दोन-तीन आठवडे घेऊन हळूहळू बदलावी.

एक सोपी परीक्षा सांगतो. मूठभर शेण चाळणीत घेऊन पाण्याने धुवावे. अख्खे दाणे, लांब काड्या दिसल्या तर समजावे, पैसा उकिरड्यावर जात आहे. वैरण विकणाऱ्या बांधवांनीही गिऱ्हाईकाला नुसता गठ्ठा न देता त्याची जोड सांगावी. गिऱ्हाईकाचे दूध वाढले, तर ते पुन्हा तुमच्याच दुकानी येईल.