धुराड्याच्या चुलीची साफसफाई व निगा

खेड्यापाड्यांतील पुष्कळ घरांत आता गॅस आला आहे. तरीही आंघोळीचे पाणी, भाकरी, सणाचा मोठा स्वयंपाक आणि जनावरांचे आंबोण यांसाठी चूल पेटतेच. धुराड्याची चूल असल्यास हा सर्व धूर घराबाहेर जावयास हवा. परंतु अनेक घरांत धुराडे असूनही भिंती काळ्या आणि डोळे लाल झालेले दिसतात. अशा वेळी चुलीला दोष दिला जातो. वास्तविक दोष बहुधा निगेचा असतो.

बिनधुराच्या चुलीची कल्पना नवी नाही. हैदराबादचे अभियंता एस. पी. राजू यांनी १९५३ साली पुस्तक लिहून तिचा प्रसार केला. पुढे १९८३ साली केंद्र शासनाने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. तो २००२ साली थांबला. त्या काळी बसविलेल्या अनेक चुली काही वर्षांतच निकामी झाल्या. देखभालीचा अभाव हे त्याचे एक मोठे कारण होते.

धुराडे का तुंबते?

चुलीतील गरम हवा हलकी असल्यामुळे ती नळातून वर चढते आणि चुलीच्या तोंडातून ताजी हवा आत ओढली जाते. या ओढीवरच सर्व काम चालते. सरपण ओले असेल किंवा चुलीत कोंबून भरले असेल, तर ते पुरते जळत नाही. न जळलेला धूर नळात थंड होतो व काजळी आणि डांबरासारखा चिकट थर आतून बसतो. दहा सेंटिमीटर व्यासाच्या नळात सर्व बाजूंनी केवळ एक सेंटिमीटर थर साचला, तरी धुराची एक तृतीयांशाहून अधिक वाट बुजते. मग धूर मागे फिरतो आणि स्वयंपाक करणारीच्या तोंडावर येतो.

या धुरातील सूक्ष्म कण फुप्फुसात खोलवर जातात. घरातील धुराच्या प्रदूषणाने २०२० साली जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. लहान मुलांना न्युमोनिया आणि प्रौढांना श्वसनाचे व हृदयाचे विकार या धुरामुळे जडतात.

साफसफाईची रीत

रोज सकाळी चूल पेटविण्यापूर्वी कालची राख काढावी. राख साचली की हवेची वाट अडते. तापलेल्या चुलीवर पाणी ओतू नये. त्याने माती तडकते.

आठवड्यातून एकदा पुढची चूल व वैल यांना जोडणारी वाट पळीने खरवडून साफ करावी. वैलावर भांडे उशिरा तापू लागले, की ही वाट तुंबली असे समजावे.

चूल रोज पेटत असल्यास नळ महिन्यातून एकदा झाडावा. हे काम चूल पूर्ण थंड असतानाच करावे. प्रथम चुलीचे तोंड व वैल ओल्या पोत्याने झाकावेत. नाकातोंडावर फडके बांधावे. नंतर धुराड्यावरील टोपी काढून दोरीला काथ्याचा घट्ट बोळा व त्याखाली लहान दगड बांधावा आणि तो नळातून पाचसहा वेळा खालीवर करावा. खाली पडलेली काजळी वैलातून किंवा तळाच्या झाकणातून काढून पुरून टाकावी. टोपी परत घट्ट बसवावी.

जुने नळ ॲस्बेस्टॉस सिमेंटचे असण्याचा संभव असतो. त्यांची धूळ फुप्फुसास अत्यंत घातक असल्याने असे नळ खरवडू, कापू किंवा फोडू नयेत. तडा गेल्यास जाणकाराकडून दुसऱ्या प्रकारचा नळ बसवून घ्यावा.

तपासणी व दुरुस्ती

साफसफाईनंतर भांडी जागेवर ठेवून चुलीत मूठभर वाळलेले गवत पेटवावे. धूर कोठून निसटतो ते नीट पाहावे. सांध्यातून येत असल्यास चिकणमाती व शेण मळून फट लिंपावी. भांड्याच्या कडेने येत असल्यास चुलीचे तोंड भांड्याच्या मापाचे करून घ्यावे. एकच भांडे ठेवावयाचे असल्यास वैलावर पाण्याचे भांडे ठेवावे. तो उघडा राहिल्यास ओढ तुटते.

नळ छपरातून जातो तेथे लाकूड किंवा गवत त्याला टेकू देऊ नये. नळातून भपकन ज्वाळा येऊ लागल्यास आतील काजळी पेटली असे समजावे. नळात पाणी ओतू नये. जळते सरपण बाहेर काढून चुलीचे तोंड ओल्या मातीने बंद करावे, म्हणजे हवा न मिळून आग विझेल. छपराने पेट घेतल्यास मात्र सर्वांना तत्काळ बाहेर काढावे.

मृगापूर्वी नळ, टोपी व छपराचा सांधा एकदा तपासावा. सरपण फोडून, वाळवून पडवीत रचावे. चुलीत प्लॅस्टिक जाळू नये. थंडीत दारे-खिडक्या लावून निखारे घरात ठेवून झोपू नये. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू जीवघेणा असून त्याला वास नसतो.

हे काम कोणाचे?

राख काढणे व चूल लिंपणे ही कामे गृहिणी नित्य करीतच असते. नळ मात्र छपरावर असतो, आणि तेथे चढण्याचे काम घरातील पुरुषाकडून राहून जाते. जो शेतकरी मोटारपंपाचा आवाज बदलताच विहिरीवर धावतो, त्याने घरातील खोकल्याचा आवाजही तितक्याच तत्परतेने ऐकावयास हवा. एक दोरी, काथ्याचा बोळा आणि महिन्यातील अर्धा तास, एवढाच या कामाचा खर्च आहे.